पाटीवरची अश्वशक्ती

परवा आमच्या घरचा मिक्सर जळला. पाहुणे यायचे होते, इडलीचं पीठ सलग वाटणं चाललं होतं. ‘‘चांगला साडेसातशे वॉटचा आहे की!’’ सूनबाई चक्रावून म्हणाली. किती मिनिटं चालवावा नि किती थांबवावा, हे पुस्तिकेत छापलेलं होतं. मी मात्र तिला काही बोललो नाही. हीच चूक मी एकदा फार मोठ्या प्रमाणावर केली आहे.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात मी विद्युत विभागात होतो. 1988 चा हंगाम. गव्हाणीसाठी, म्हणजे उसाच्या मोळ्या चरकाकडे वाहून नेणाऱ्या साखळीसाठी, डीसी मोटर घ्यायची होती. चरकाच्या भुकेप्रमाणे गव्हाणीचा वेग सारखा कमी-जास्त करावा लागतो. डीसी मोटरचं व्होल्टेज बदललं की वेग बदलतो आणि संथ चालतानाही ती पूर्ण जोर लावते. म्हणून त्या काळी तिलाच पसंती असे.

दोन दरपत्रकं आली. अश्वशक्ती सारखी, फेरेही सारखे. एकीला थंडाव्यासाठी स्वतंत्र ब्लोअर, म्हणून ती महाग. दुसरीचा पंखा तिच्याच दांड्यावर. तुलनेचा तक्ता मी केला आणि स्वस्त मोटरीपुढे खूणही मीच केली. पैसे वाचवले म्हणून शाबासकी मिळाली.

आता यातली गोम पाहा. पंखा दांड्यावर असला की मोटर संथ झाल्यावर वाराही संथ होतो. भार मात्र तोच. म्हणून आर्मेचरमधला प्रवाह तोच आणि त्याची उष्णताही तीच. जानेवारीतल्या एका रात्री भरलेली गव्हाण तासन् तास संथ चालवावी लागली. भुशाने जाळीही बुजली होती. पहाटे जळक्या व्हार्निशचा वास आला आणि गव्हाणीपाठोपाठ चरक थांबले.

बाहेर अड्ड्यावर भरलेल्या बैलगाड्यांची रांग. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखर उतरते. काट्याआधी घटलेल्या वजनाचे पैसे शेतकऱ्याचे जातात. टनावर मजुरी घेणाऱ्या तोडकऱ्याची खेप बुडते. शेकोटीजवळचा एक गाडीवान उठून म्हणाला, ‘‘साहेब, आज गाडी खाली होईल का?’’ मला मान वर करवेना.

आज अनेक कारखान्यांत डीसीची जागा एसी मोटर आणि ड्राइव्हने घेतली आहे. पण संथ वेगात भार ओढायचा तर थंडाव्याचा प्रश्न तिथेही सुटत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच, की आधी पाटी वाचू नका, काम वाचा. थांबलेला भार उचलायचा आहे का? किती वेळ सलग, किती संथ चालायचं आहे? भोवती धूळ, ओल, उष्णता किती? कार्बन ब्रश बदलायला हात पोहोचेल का? ही उत्तरं कागदावर आल्यावर मग किंमत पाहावी. अश्वशक्ती वाढवून घेतली की झालं, हाही भ्रमच. मोठ्या मोटरचा पंखाही संथ वेगात संथच फिरतो.

सगळ्यात कमी दर पत्करताना हिशेबनीस आपली बाजू पाहतो. रांगेतल्या गाडीवानाची बाजू तक्त्यात कुठल्याच रकान्यात नसते. ती पाहणं हे सही करणाऱ्याचं काम. मी ते केलं नव्हतं.

मिक्सर दुरुस्त होऊन आला आहे. सूनबाई आता अधूनमधून थांबते.