ठिगळाची किंमत

हाताने धावदोरा घालताना सुई जुन्या लुगड्याच्या धाग्यांमधून वाट काढते. यंत्राला तेवढी सबुरी नसते. सुई बोथट असली की ती धागा बाजूला न सारता तोडते आणि शिवता शिवताच गोधडीला भोक पडते. पुष्कळजण मग त्याच जागी यंत्र मागेपुढे फिरवून भोक बुजवू पाहतात. माझ्या मते हा रोगापेक्षा भयंकर उपाय होय. दाट टाक्यांनी विरलेल्या कापडाची चाळणच होते.

प्रथम सुई बदलावी. दोन-चार धागेच तुटले असतील, तर त्याच लुगड्याच्या उरलेल्या तुकड्यातून धागे काढून रफू करावे. भोक मोठे असल्यास चहूबाजूंनी अर्धा इंच मोठे ठिगळ घ्यावे, त्याचे उभे-आडवे धागे खालच्या कापडाशी जुळवावेत, कडा आत दुमडून हाताने हेम घालावी आणि मगच शिवणीची ओळ, अगदी सावकाश, त्यावरून पुढे न्यावी.

अशा एका भोकापायी शिवणारणीची मजुरी कापणे मला अन्यायाचे वाटते. गोधडी मुळात तुकड्यांचीच. तीत आणखी एक तुकडा नीट बसला, तर तिचे मोल का घटावे? गिऱ्हाइकाला ठिगळ दाखवावे आणि दाम पूर्ण मागावा.