पाण्यातून येणारे अकाली वार्धक्य

वार्धक्य केवळ वयानेच येते असे नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत कूपनलिकेच्या पाण्यातील फ्लोराइड वर्षानुवर्षे हाडांत साठते आणि ऐन उमेदीतच माणसाची पाठ वाकते, सांधे आखडतात. भारतीय मानकानुसार त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते. नागपूरच्या 'नीरी'ने तुरटी व चुन्याची नलगोंडा पद्धत कित्येक दशकांपूर्वीच सिद्ध केली आहे. २०१९ साली घोषित झालेल्या जलजीवन मोहिमेने नळजोडण्यांना गती दिली. परंतु नळ आला म्हणजे निर्दोष पाणी आले, असे नव्हे. पाणीतपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, असा आग्रह प्रत्येक ग्रामसभेने धरावा. पाणपोई घालणे पुण्य मानणाऱ्या समाजाने पाण्याची परीक्षा हेही आपले कर्तव्यच मानले पाहिजे.