पायलटाचा परवाना आणि कुळाचा वारसा

समुद्रावरून आलेले जहाज बंदरात शिरते तेव्हा परक्या कप्तानाला तेथील वाळूचे दांडे व प्रवाहाची वळणे ठाऊक नसतात. म्हणून स्थानिक पायलट जहाजावर चढून ते धक्क्याला लावतो. या धंद्यावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाचे निवाडे दिले. त्यांपैकी दुसऱ्याशी तुमचाआमचा संबंध फार जवळचा आहे.

पहिला १८५२ चा. जे जहाज स्थानिक पायलट घेणार नाही त्याने अर्धे शुल्क वृद्ध पायलट व त्यांच्या विधवा-मुलांच्या निधीत भरावे, असा पेनसिल्व्हानियाचा १८०३ चा कायदा होता. व्यापाराचे नियमन काँग्रेसकडे असता राज्याला हा अधिकार कोठला, असा कूली यांचा सवाल. ज्या विषयाला देशभर एकच नियम हवा तो केंद्राचा. बंदरागणिक निराळा नियम लागतो तेथे, काँग्रेसची आडकाठी नसल्यास, राज्याने कायदा करावा, असे न्या. कर्टिस यांनी ठरविले. (ड्रेड स्कॉटच्या खटल्यात, १८५७ साली, कृष्णवर्णीयांचे नागरिकत्व नाकारणाऱ्या बहुमताला विरोध करणारे ते हेच.)

दुसरा निवाडा कोच खटल्याचा, १९४७ चा. लुइझियानात नदीवरील पायलटांची नेमणूक गव्हर्नर करी. परंतु शिफारस करणाऱ्या मंडळावर पायलटच बसत. सहा महिने उमेदवारी केल्यावाचून परवाना नाही, आणि उमेदवारीस कोणाला घ्यावे हेही चालू पायलटांच्याच हाती! त्यांनी आप्त व स्नेही घेतले. किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेली माणसे दाराबाहेर राहिली. त्यांनी चौदाव्या दुरुस्तीतील समान संरक्षणाचा आधार घेतला. पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. कुटुंबात व शेजारात वाढलेल्या पायलटांत एकोपा राहतो, त्याने जलमार्ग सुरक्षित होतो, असे राज्याने मानणे गैर नाही, असे न्या. ब्लॅक यांचे म्हणणे. ही तर रक्ताची कसोटी झाली, असे न्या. रटलेज यांनी भिन्नमतात बजावले.

बापाचा धंदा मुलाच्या अंगी उपजतच असतो, हा युक्तिवाद तुम्हांस नवा आहे काय? हाच सांगून विद्या एका घरात आणि मैल्याची पाटी दुसऱ्या घरात शतकानुशतके डांबून ठेवण्यात आली. आमच्या मते रटलेज यांचेच म्हणणे खरे.

आपल्या संविधानाच्या कलम १६ (२) मध्ये जातीखेरीज ‘कूळ’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. कलम १५ मध्ये तो नाही. त्याच बळावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६० मध्ये, गाजुला दशरथ रामराव यांच्या खटल्यात, गावकामगाराची जागा मागील कामगाराच्याच कुटुंबात ठेवणारे मद्रासच्या १८९५ च्या कायद्यातील कलम ६ (१) रद्द ठरविले.

मात्र कलम १६ राज्याच्या नोकरीपुरते व पदापुरतेच आहे. खाजगी धंद्यात जेथे आप्तमंडळीच दार अडवून बसली असतील, तेथे परवाना कोणाच्या सहीने निघतो हे प्रथम पाहावे. सही सरकारची असेल, तर कलम १४ खाली दाद मागता येते.