नितळ म्हणजे निर्मळ नव्हे

16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे ‘गाजा’ चक्रीवादळ नागपट्टिनम-वेदारण्यमच्या किनाऱ्यावर आदळले. तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडुच्या परिसरात नारळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि वीज गेल्यावर पाण्याचे पंपही थांबले. रानात वाट चुकलेल्यापुढे जो प्रश्न असतो, तो भरवस्तीत उभा राहिला: समोर दिसणारे पाणी प्यावे की नाही?

अशा प्रसंगासाठी ‘प्राचीन भारतीय जलशुद्धी’ म्हणून एक उपाय समाजमाध्यमांवर हिरिरीने फिरवला जातो. निवळीचे बी मडक्यात घासा, गढूळ पाणी शुद्ध होईल! यातले निवळणे खरे आहे. ‘शुद्ध’ हा शब्द घातक आहे.

मातीचे सूक्ष्म कण ऋणभारित असतात. ते परस्परांना दूर लोटतात, म्हणून तरंगत राहतात. निवळीतील द्रव्ये त्यांचे पुंजके बांधतात आणि ते जड होऊन तळाशी बसतात. गाळाबरोबर काही जंतूही खाली जातात. सगळे जात नाहीत. उरलेले डोळ्यांना दिसत नाहीत आणि नितळ पाणी पाहून माणूस निर्धास्त होतो.

निवळी ही पहिली पायरी आहे. त्यानंतर पाणी फडक्यातून गाळावे आणि खळखळ उकळी फुटल्यावर किमान 1 मिनिट उकळू द्यावे. सरपण नसेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून कडक उन्हात 6 तास, ढगाळ हवेत 2 दिवस ठेवावे. गढूळ पाण्यात अतिनील किरण खोल शिरत नाहीत, म्हणून येथेही आधी निवळणे आवश्यकच. मात्र भातखाचरातील कीटकनाशके वा समुद्राचे मीठ यांवर यातला एकही उपाय चालत नाही. तेथे पावसाचे पाणी धरावे किंवा दुसरा पाणवठा शोधावा.

हा परंपरेचा अवमान नव्हे. बांगलादेशातील मतलब येथे जुन्या साडीच्या अनेकपदरी घडीतून पाणी गाळण्याची रीतसर चाचणी झाली. कॉलराचे रुग्ण 48 टक्क्यांनी घटल्याचे 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. साडीला ही प्रतिष्ठा तिच्या जुनेपणाने दिली नाही, रुग्णांच्या मोजणीने दिली.

ओरत्तनाडुला वाटसरूंसाठी मुक्तांबाळ छत्र उभारणाऱ्या सरफोजीराजांनी तंजावरच्या धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यक शेजारी बसवले. त्यांचा अभिमान मिरवणाऱ्यांनी एवढे तरी करावे: ‘शुद्ध’ असे लिहिण्यापूर्वी विचारावे, आधी जंतू किती होते आणि नंतर किती उरले? ज्याच्याकडे हे आकडे नाहीत, त्याने निवळीला निवळीच म्हणावे. वादळानंतर तहानलेले मूल अभिमान पीत नाही, पाणी पिते.