नाव तिचं, नंबर कुणाचा?

'वहिनी, ओटीपी सांगा,' नेटच्या दुकानातला मुलगा म्हणाला. मी पर्समधून मोबाइल काढून हातात धरून बसले. ओटीपी काही येईना. पुन्हा पाठवला, तरी नाही. शेवटी त्याने स्क्रीनकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, 'हा नंबर तुमचा नाहीच. उद्यमच्या नोंदणीला दुसऱ्याच कुणाचा नंबर आहे.'

मैत्रिणींनो, माझ्या धंद्याच्या कागदावर नाव माझं, आधार माझं, आणि त्या कागदाची किल्ली मात्र भलत्याच्याच खिशात! चांदूर बाजारच्या त्या दुकानात भर गर्दीत मला रडावं की हसावं कळेना.

झालं होतं असं. मी घरी मुगवड्या, कुरड्या आणि जवसाची चटणी करून विकते. २०२१ मध्ये कुणीतरी म्हणालं, नोंदणी करून घे. तेव्हा मी दुसऱ्या एका दुकानात गेले. आधारचा ओटीपी माझ्याच मोबाइलवर आला, म्हणून मी निर्धास्त होते. पण पुढे संपर्काचा नंबर म्हणून त्या दुकानदाराने स्वतःचाच टाकून दिला. वरून पाचशे रुपये घेतले. ही नोंदणी फुकट असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! त्यात मी 'उत्पादन' करते हे लिहायचं सोडून त्याने 'व्यापार' लिहिलं. आता सरकारी खरेदीच्या पोर्टलवर चटणी विकावी म्हणून गेले तर ही गत. पुढे पोर्टलवर तक्रार, अमरावतीला जिल्हा उद्योग केंद्रात दोन खेपा, आणि मग कुठे कागद सरळ झाला.

गोष्ट माझी एकटीची असती तर लिहिली नसती. पण गेल्या काही वर्षांत 'बाईच्या नावावर' मिळणाऱ्या गोष्टी वाढल्या आहेत. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी आपण सगळ्याच जणी बँकेत आधार जोडायला रांगेत उभ्या होतो. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पहिल्यांदाच उद्योग करणाऱ्या पाच लाख महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या उद्योजकांसाठी दोन कोटींपर्यंतच्या मुदत कर्जाची घोषणा झाली. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी पाच लाखांच्या मर्यादेचं क्रेडिट कार्डही त्याच भाषणात होतं. म्हणजे या कागदाची किंमत वाढते आहे. आणि ज्या कागदाची किंमत वाढते, त्यावर घरातल्या-बाहेरच्या सगळ्यांचीच नजर जाते.

आधी हा कागद काय आहे ते बघू. १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी सुरू झाली. आधार आणि पॅन लागतं. त्यात मालक स्त्री की पुरुष, आणि प्रवर्ग कोणता, हे आपणच सांगायचं. एकटीचा धंदा असेल तर प्रश्न नाही. भागीदारी किंवा कंपनी असेल तर सरकारी खरेदीत 'महिलेचा उद्योग' म्हणायला किमान ५१ टक्के हिस्सा बायकांचा लागतो.

याचा फायदा काय? केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावा, असा नियम आहे. हे धोरण २०१२ चं. सुरुवातीला हा वाटा २० टक्के होता, २०१८ मध्ये तो २५ झाला आणि त्यातले ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी ठेवले गेले. अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आधीपासून होते. टेंडरची अनामत रक्कम माफ होते. समजा, एखाद्या मोठ्या कंपनीने शंभर रुपये भाव भरला आणि आपला एकशे पंधरापर्यंत असला, तर शंभरला द्यायची तयारी दाखवून आपल्याला ऑर्डरचा काही भाग मिळू शकतो. पण हे सगळं माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला यातलं काही नाही. म्हणूनच त्या 'व्यापार' या एका शब्दाने माझं घोडं अडलं होतं!

आता आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो. परवा शिवणकाम करणाऱ्या एका मुस्लिम मैत्रिणीने विचारला, 'ताई, अल्पसंख्याकांसाठी वेगळं सर्टिफिकेट असते का धंद्याचं?' अमेरिकेत असतं. तिथे अल्पसंख्याकांच्या मालकीचा उद्योग म्हणून रीतसर प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर मोठमोठ्या कंपन्यांची कामं मिळतात. आपल्याकडे तसं नाही. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन, हे सहा समाज केंद्राने अल्पसंख्याक म्हणून जाहीर केलेत. त्यांच्यासाठी कर्जाची दारं आहेत. केंद्राचं अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ १९९४ मध्ये निघालं, आपल्या राज्यात मौलाना आझाद महामंडळ आहे. पण सरकारी खरेदीत अल्पसंख्याकांचा वेगळा वाटा नाही. म्हणून माझ्या मैत्रिणीला तिथे जायचं तर 'महिला' याच दाराने जावं लागेल. बौद्ध बहिणींचं थोडं वेगळं आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळू लागल्या. त्यामुळे जातीचा दाखला असेल तर त्यांना चार टक्क्यांचं दारही उघडं आहे.

पण हा दाखलाच काढायचा म्हटलं की बाईची परीक्षा सुरू होते. जात लग्नाने बदलत नाही. दाखला माहेरच्या कागदांवर निघतो. वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला. अनुसूचित जातीला १९५० आधीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना १९६१, ओबीसींना १९६७. शाळेत नाव एक, आधारवर सासरचं दुसरं, पॅनवर तिसरंच! शिवाय आपला तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी. मध्य प्रदेशातून आलेल्या कितीतरी सुना इथे नांदतात. त्यांचा दाखला माहेरच्या राज्यातला, आणि तिथल्या दाखल्यावर इथल्या राज्याच्या सवलती मिळत नाहीत. भावाला म्हणावं, 'बाबाचा टीसी शोधून दे,' तर तो विचारतो, 'कायले पाहिजे? वाटणी गिटणी तं मागत नाई ना?' हसू नका, हे मी कानांनी ऐकलंय!

कागद जमवणं एक. पण खरी गोम पुढे आहे.

आमच्या ओळखीत एक बाई आहे. गाव सांगत नाही. तिच्या नावाने तेलघाणी आहे, सरकारी योजनेतून काढलेली. मी सहज विचारलं, 'कशी चालते गं घाणी?' ती म्हणाली, 'मले काय मालूम बाप्पा! सही कराले मी जातो, बाकी सारं ह्यायलेच मालूम.' बँकेचं पासबुक कुठे आहे, हप्ता किती आहे, तिला ठाऊक नाही. हप्ते थकले तर नोटीस मात्र तिच्याच नावाने येईल.

असं का होतं, याचा हिशेब साधा आहे. पीएमईजीपी ही योजना २००८ ची. तिच्यात खेड्यातल्या सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला २५ टक्के अनुदान ठरवलं, महिलेला ३५ टक्के. शहरी भागात हेच १५ आणि २५. स्वतःचे पैसे पुरुषाने १० टक्के घालायचे, बाईने ५. म्हणजे ब्राह्मणवाडा थडीत दहा लाखांचा उद्योग काढला, तर बाईच्या नावाने एक लाख अनुदान जास्त. मग कोणता घरमालक स्वतःच्या नावाने अर्ज करेल? सरपंचपती आपण पाहिलेच आहेत. खुर्ची तिची, मीटिंगला तो. आता उद्योजिकापती!

केंद्र सरकारने २०२४ च्या सुरुवातीला दिलेले आकडे बघा. उद्यम पोर्टलवर नोंदलेल्या उद्योगांपैकी २०.५ टक्के महिलांचे होते. रोजगारात त्यांचा वाटा १८.७३ टक्के, गुंतवणुकीत ११.१५, आणि उलाढालीत फक्त १०.२२ टक्के. संख्येत पाचवा हिस्सा, पैशात दहावा. सगळ्या बायका नावापुरत्या मालकीण आहेत असा याचा अर्थ नव्हे. उलट बहुतेक जणी माझ्यासारख्या, गच्चीवर वड्या वाळवणाऱ्या, छोट्या भांडवलाच्या आहेत. पण कुठली खरी आणि कुठली नावापुरती, हे त्या आकड्यांतून कळायला मार्ग नाही, कारण नोंदणी स्वतःच्या सांगण्यावर होते.

अमेरिकेतही बायकांना हे सहज मिळालं नाही. १९८८ चा कायदा येईपर्यंत तिथल्या काही राज्यांत धंद्याच्या कर्जासाठी बाईला घरातल्या पुरुषाची सही आणावी लागे. पुढे प्रमाणपत्रं आली, तेव्हा ५१ टक्के मालकी पुरेशी नाही, कारभारही तिच्याच हाती हवा, अशी अट आली. चेकवर सही कोण करतं, माणसं कोण नेमतं, हे तपासतात.

आपल्याकडे तशी तपासणी हवी का? मला विचाराल तर नको. तपासणी म्हणजे आणखी एक साहेब, आणखी चार चकरा, आणि खऱ्या मालकिणीलाच जास्त त्रास. त्यापेक्षा दोनच गोष्टी सक्तीच्या करा. नोंदणीला बाईच्या आधारचाच मोबाइल नंबर, आणि कर्ज वाटण्याआधी बँकेने तिला एकटीला समोर बसवून हप्ता, मुदत आणि जबाबदारी तिच्या भाषेत समजावून सांगणं. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल.

नवऱ्याने मदतच करू नये, असं मी म्हणत नाही हं. माझी मुगाची पोती हेच उचलतात. पण मदत वेगळी आणि मालकी वेगळी.

सरकार करेल तेव्हा करेल. तुम्ही आज एवढं करा. घरात तुमच्या नावाने काही नोंदणी असेल तर तो कागद काढून वाचा. नंबर कुणाचा आहे? 'उत्पादन' लिहिलंय की 'व्यापार'? पासबुक कुठे आहे? आधार, पॅन आणि बँकेतलं नाव एकच आहे का? माहेरी जाल तेव्हा वडिलांच्या शाळेच्या दाखल्याची एक प्रत हक्काने मागून आणा. भावाला सांगा, वाटणी नाही मागत, ओळख मागते आहे.

मागच्या आठवड्यात मी वड्या घालत होते. दोन्ही हात मुगाच्या पिठाने भरलेले. तेवढ्यात मोबाइल वाजला. मुलगा धावत आला, 'आई, ओटीपी आला, मी टाकू का?'

'थांब,' मी म्हटलं, 'हात धुते. माझा आहे तो.'