गाडी उंच करायची आहे? आधी पाटे मोजा

वाचकहो, या पानावर आम्ही नेहमी घरखर्च, मुलांचे शिक्षण, दुखणीखुपणी असे विषय घेतो. या वेळी पिकअप गाडीच्या पाट्यांचा विषय पाहून काही भगिनी पान उलटतील. कृपया उलटू नका. ज्या घरातून दर महिन्याला गाडीचा हप्ता जातो, त्या घरात हा विषय रॉकेल-मिठाइतकाच घरगुती आहे. शिवाय तो आमच्याकडे आला तोच एका भगिनीकडून.

आमचा भाचा संगमनेर तालुक्यात राहतो. त्याने कर्ज काढून पिकअप घेतली. टोमॅटोच्या हंगामात आसपासच्या शेतकऱ्यांचा माल भरतो आणि चंदनापुरीच्या घाटाने नारायणगावच्या बाजारात पोचवतो. मध्यंतरी भाचेसुनेचा फोन आला. "मामा, हे गाडी उंच करायची म्हणतायत. बेचाळीस हजार खर्च सांगितलाय. पोरीच्या अकरावीच्या फीचे पैसे बाजूला काढलेत, त्यावर डोळा आहे. तुमचं ऐकतील, तुम्ही या एकदा." आम्ही काही मिस्त्री नव्हे. पण उमेदीची बरीच वर्षे वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये काढली असल्याने कोणता नट कशासाठी असतो एवढे कळते. आम्ही गेलो.

भाच्याचे म्हणणे खोटे नव्हते. माल भरला की गाडीचे बूड बसते, खड्ड्यात मागचा रबर चासीवर आपटतो. दुसरे, शेतातून येणाऱ्या वाटेवर दोन चाकोऱ्यांमध्ये मातीचा उंचवटा राहतो, त्याला मागच्या आसावरचा डिफरन्शियलचा गोळा घासतो. "मामा, तीन-चार इंच उचलली की दोन्ही दुखणी जातील," तो म्हणाला.

दुसरे दुखणे मुळीच जाणार नव्हते. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून थोडे थांबून सांगतो. पाटे, ठोकळे, काहीही घातले तरी आसाच्या वरची गाडी उचलली जाते. आस आणि त्यावरचा गोळा चाकाच्या मध्यावरच राहतो. तो वर न्यायचा तर टायर मोठे हवेत, आणि टायरची उंची दोन इंच वाढली तर गोळा एकच इंच वर जातो. मोठ्या टायरने गाडीची ओढ कमी होते, वेगाचा काटा चुकतो, ब्रेकवर ताण येतो. त्या मातीच्या उंचवट्याला फावडे हेच औषध. भाच्याला ते फारसे आवडले नाही.

आता पहिले दुखणे. त्याने तीन ठिकाणी भाव काढले होते. सर्वांत स्वस्त ठोकळे. म्हणजे मागचा आस आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचा आणि लांब यू-बोल्टने आवळायचा. मजुरीसह साडेतीन हजार. दुसरा प्रकार लांब शॅकलचा. पाट्याचे मागचे टोक ज्या कडीत झुलते ती कडी लांब करायची. यात कडी दोन इंच वाढवली तर गाडी साधारण एकच इंच उचलते, हे दुकानदार सांगत नाही. तिसरा प्रकार बेचाळीस हजारांचा, पुढचे-मागचे सगळे सामान एकत्र देणारा संच. असे संच मूळ ऑस्ट्रेलिया-अमेरिकेकडच्या हौशी लोकांचे. ते सुट्टीत वाळवंटात, डोंगरात गाड्या घालतात. आपल्याकडेही महागड्या पिकअपवाले ते बसवतात. त्यांनी खुशाल बसवावेत. आमच्या भाच्याची गाडी हौसेची नाही.

ठोकळ्याविषयी मात्र बोलले पाहिजे, कारण गरीब माणूस त्याच्याकडेच वळतो. ठोकळ्याने गाडी उचलते, पण पाट्याची ताकद रतिभरही वाढत नाही. भरलेली गाडी जेवढी आधी बसत होती तेवढीच बसते, फक्त वरून बसते. ठोकळा जितका उंच, तितका जोरात ब्रेक मारताना आणि चढावर पाट्याला पीळ पडतो. ठोकळ्यावर ठोकळा चढवलेली गाडी आम्ही एकदा पाहिली आहे. देव न मानणाऱ्या माणसालाही त्या गाडीखाली हात जोडावेसे वाटले असते. पुढच्या आसाला तर ठोकळा कधीच घालू नये.

आणखी एक गोष्ट आम्ही भाच्याला गाडीखाली निजवून दाखवली. अनेक पिकअपमध्ये मागच्या आसापासून एक काडी किंवा स्प्रिंग वर एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. गाडी भरून खाली बसली की तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो, रिकामी होऊन वर आली की कमी देतो. आता गाडी तुम्ही तीन इंच उचलून ठेवलीत, तर भरलेली असतानाही व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते. मागचा ब्रेक कमी लागतो. दीड टन टोमॅटो पाठीवर आणि पुढे घाटाचा उतार. भाचा गाडीखालून बाहेर आला तेव्हा बराच वेळ बोलला नाही.

त्याखेरीज ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून क्रॉस लवकर जातात. भार उंच गेल्यामुळे वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो, हे उसाची गाडी हाकणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

मग काय करायचे? आम्ही भाचेसुनेकडून शिवणाचा टेप मागून घेतला. गाडी रिकामी, जमीन सपाट, चारी टायरची हवा नीट. चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले. डावी बाजू उजवीपेक्षा दीड इंच खाली निघाली. दोन्ही बाजू सारख्या बसल्या असत्या तर पाटे थकले म्हटले असते. एकच बाजू बसते तेव्हा बहुधा काहीतरी मोडलेले असते. पाटेवाल्याकडे नेऊन चिखल खरवडला. डावीकडचा दुसरा पाटा सेंटर बोल्टजवळ मोडला होता आणि गंज पाहता मोडून बरेच दिवस झाले होते. दोन्हीकडचे बुशही खाऊन गेलेले. म्हणजे बेचाळीस हजारांचा संच विचारला जात होता तो एका मोडक्या पाट्यासाठी!

पाटेवाले उस्ताद वयस्क आणि प्रामाणिक निघाले. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. जुन्या पाट्यांना ठोकून कमान वाढवून देता येते, स्वस्त पडते, पण बरेचदा ती काही महिन्यांत पुन्हा बसते. भंगारातला पाटा घेऊ नये, त्यातली बारीक चीर डोळ्याला दिसत नाही. आणि पाटा बदलायचा तर दोन्ही बाजूंचा जोडीने, नाहीतर गाडी तिरकी राहते. यू-बोल्ट नवेच घालायचे, एकदा आवळून ताणलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नाही. भाच्याने एक जादा पाटा घालण्याचा हट्ट धरला. उस्ताद म्हणाले, "घालतो, पण रिकामी गाडी उड्या मारील. पावसात घाट उतरताना मागचं चाक घसरलं तर मला आठवशील." शेवटी कंपनीच्या मापाचेच पाटे, बुश, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि मजुरी धरून अकरा हजारांत काम झाले. गाडी डावीकडे दीड इंच, उजवीकडे जेमतेम अर्धा इंच वर आली. डावी बाजू आधीच जास्त बसलेली असल्याने आता उंची फारशी पुढेमागे राहिली नाही, आणि जी आली ती कंपनीने दिलेलीच उंची, उसनी नव्हे.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदावरील तपशिलाशी मेळ राहणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मालवाहू गाडीला पासिंग चुकत नाही, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीचा माणूस आधी गाडीखाली वाकून पाहतो. मोडलेल्या पाट्याच्या जागी तसाच पाटा घालणे हा बदल नव्हे, दुरुस्ती आहे.

इथपर्यंत सगळे सोपे होते. अवघड गोष्ट संध्याकाळी, चहाच्या वेळी निघाली. आम्ही विचारले, एका खेपेला क्रेट किती भरतोस? तो म्हणाला, "एकशेदहा." एका क्रेटमध्ये २० किलो टोमॅटो. म्हणजे २,२०० किलो, वर रिकाम्या क्रेटचे वजन वेगळे. त्याच्या कागदावर भरल्या आणि रिकाम्या वजनातला फरक दीड टनाच्या आसपास. मग पाटा मोडणार नाही तर काय होईल? पाटा वाढवला म्हणून ब्रेक, बेअरिंग, टायर आणि चासी वाढत नाहीत. कलम १९४ प्रमाणे जादा भाराचा दंड २०,००० रुपये, शिवाय जादा प्रत्येक टनामागे २,०००.

"मामा, सत्तर क्रेटवर हप्ता निघत नाही," भाचा म्हणाला. "आणि मी एकशेदहा नाही नेले तर शेतकरी दुसऱ्याची गाडी बोलावतो. तो नेतो."

याला आमच्याकडे चटकन उत्तर नव्हते, आणि आहे असे सोंग आम्ही केले नाही. भाचेसून आत जाऊन वही घेऊन आली. तिने वर्षभराचे टायर, पंक्चर, क्लच प्लेट, एकदाचा दंड, घाटात गाडी बंद पडून सडलेल्या मालाची भरपाई, सगळे तारखेवार लिहून ठेवले होते. तिघांनी मिळून बेरीज केली. चाळीस जादा क्रेटचे भाडे आणि हा खर्च यांत अंतर उरत होते, पण भाच्याला वाटत होते तेवढे मोठे नव्हते. रात्री अकरापर्यंत वाद चालला. अखेर ठरले ते असे : ऐंशीच्या वर भरायचे नाही. म्हणजे अजूनही थोडे जादाच, आम्हाला ते पटलेले नाही आणि तसे आम्ही तोंडावर सांगितले. जवळच्या दोन शेतकऱ्यांशी पहाटेच्या दुसऱ्या खेपेचे बोलून पाहायचे. एक तयार झाला. दुसऱ्याने दुसरी गाडी लावली.

पाच-सातशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्टचे नट पुन्हा आवळायला उस्तादांनी बजावले होते. परवा भाच्याचा फोन आला, नट जवळजवळ पाऊण वेढा फिरले. हेडलाइटचा झोतही खाली करून घेतला. उजव्या शॉकअबसॉर्बरमधून तेल गळते आहे, तेवढे पुढच्या महिन्यावर ठेवले आहे. या महिन्यात अकरावीची फी भरायची आहे.