बंद दाराची जबाबदारी

गावाबाहेरची जुनी वखार रिकामी असते. आडतीचा व्यवहार केव्हाच मार्केट यार्डात गेलेला असतो. घरातला एक कर्ता मुलगा मद्यापायी अकाली गेलेला असतो. त्याच्या पहिल्या पुण्यतिथीस कुटुंब संकल्प करते, की या वखारीत व्यसनमुक्ती केंद्र काढावे आणि दुसऱ्या कोणाचा मुलगा वाचवावा. वीस खाटा, स्वयंपाकघर, एक व्यवस्थापक, सकाळची प्रार्थना आणि रात्री दाराला कुलूप, एवढी व्यवस्था झाली की केंद्र सुरू करता येते, असा समज सर्वत्र आढळतो. हेतू निर्मळ असला तरी हा समज कायद्यास धरून नाही आणि एखाद्याच्या जिवावर बेतणाराही आहे.

वर्षानुवर्षे रोज मद्य घेणाऱ्याचे मद्य एकाएकी तोडले, तर पहिल्या दोन दिवसांत त्याला फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत काहींना भ्रम होतो. अंग थरथरते, ताप चढतो, नाडी धावू लागते, नसलेल्या आकृती दिसू लागतात. ही तातडीची वैद्यकीय अवस्था असून वेळेवर औषध न मिळाल्यास मृत्यू संभवतो. बाहेरून कुलूप आणि आत वैद्यकीय माणूस नाही, अशा खोलीत पहारेकऱ्याला हे सारे ‘नाटक’ वाटते. नोंदणीची अट येथूनच सुरू होते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच समावेश केला आहे. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणारे केंद्र ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ ठरते आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केल्याविना ते चालविता येत नाही. न्यासाची धर्मादाय कार्यालयात झालेली नोंदणी ही वेगळी बाब आहे. ती असली म्हणजे उपचार करण्याचा अधिकार मिळाला, असे होत नाही. नोंदणीविना केंद्र चालविल्यास पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये दंड आहे. पुन्हा पुन्हा तेच घडल्यास तो ५ लाखांपर्यंत जातो.

नोंदणीचे टप्पे दोन आहेत. विहित नमुन्यात शुल्कासह अर्ज आल्यावर प्राधिकरणाने १० दिवसांत तात्पुरत्या नोंदणीचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. ते १२ महिने चालते. मात्र हे प्रमाणपत्र देण्यापूर्वी चौकशी करण्याचे बंधन प्राधिकरणावर नाही, ही गोष्ट दात्यांनी ध्यानात ठेवावी. तात्पुरते प्रमाणपत्र हा गुणवत्तेचा दाखला नव्हे. खरी कसोटी कायम नोंदणीच्या वेळी लागते. जागा, सोयी, कर्मचाऱ्यांची पात्रता आणि नोंदवह्या किमान मानकांप्रमाणे आहेत याचा पुरावा द्यावा लागतो. तो ३० दिवस जनतेसमोर ठेवून हरकती मागविल्या जातात. पुढे दर तीन वर्षांनी तपासणी होते. तक्रार आल्यास मधल्या काळातही चौकशी होऊ शकते. याखेरीज वखारीच्या वापरात बदल, अग्निसुरक्षा आणि जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट यांच्या परवानग्या निराळ्या असतात. बांधकामास हात घालण्यापूर्वीच त्यांची चौकशी केलेली बरी.

आत काय चालावे आणि काय चालू नये, हेही कायद्याने सांगितले आहे. रुग्णाला साखळीने बांधता येत नाही. एकांत कोठडीत ठेवता येत नाही. सक्तीने मुंडण करता येत नाही. मोबदला न देता राबवून घेता येत नाही. भेटीस येणाऱ्यांना भेटण्याचा व घरी फोन करण्याचा त्याचा हक्क कायम राहतो. ‘शिस्त’ या नावाखाली अनेक ठिकाणी जे चालते, त्यातले बरेचसे या यादीत बसते.

घरच्यांना सर्वांत जड जाणारी तरतूद दाखल करण्याविषयीची आहे. ‘तुम्ही गाडी पाठवा, त्याला उचलून न्या’ ही थकलेल्या आईवडिलांची विनवणी समजण्यासारखी आहे. तथापि, केवळ घरच्यांच्या इच्छेवर प्रौढ माणसाला डांबून ठेवता येत नाही. तो स्वतः आला, तर उत्तमच. तसे नसेल, तर एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासून, त्याच्यापासून त्याला स्वतःला वा इतरांना धोका आहे किंवा तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, असा निष्कर्ष काढावा लागतो. असे दाखल करणे सुरुवातीस ३० दिवसांपुरतेच असते. पुनर्विलोकन मंडळाला ७ दिवसांत कळवावे लागते, तर स्त्री वा अल्पवयीन रुग्णाच्या बाबतीत ३ दिवसांत.

व्यापारी कुटुंबांना यातले मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. प्रामाणिक दुकानदारही आपला तराजू ठरल्या मुदतीत तपासून, मुद्रांकित करून घेतो. ग्राहकाला वजन स्वतः पडताळता येत नाही, म्हणून तिसऱ्याची साक्ष लागते. बंद दाराआडचा रुग्ण तर त्या ग्राहकाहून असहाय असतो. तो दुसरीकडे जाऊ शकत नाही आणि त्याच्या तक्रारीवर ‘व्यसनी माणूस खोटेच बोलणार’ म्हणून कोणी विश्वास ठेवत नाही. त्याच्या वतीने आत डोकावण्याचा अधिकार नोंदणीमुळे बाहेरच्या कोणाला तरी मिळतो.

शिवाय केंद्र स्वतःच काढले पाहिजे, असेही नाही. पुण्याच्या येरवड्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ उभे राहिले, तेव्हा उपचाराची जाण त्यांची होती आणि आर्थिक बळ पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी दिले. दाता आणि जाणकार या दोन भूमिका वेगळ्या राहिल्या, यातच त्या कामाची भक्कम पायाभरणी झाली. नोंदणीकृत केंद्रातील एका परिचारिकेचा वर्षभराचा पगार किंवा गरीब रुग्णाच्या महिन्याभराच्या उपचाराचा खर्च, हेही त्या गेलेल्या मुलाचे खरे स्मारक ठरू शकते.

नोंदणीचे प्रमाणपत्र सर्वांना दिसेल अशा जागी लावणे कायद्याने बंधनकारक आहे. देणगीचा धनादेश लिहिण्यापूर्वी, आणि त्याहूनही आपल्या माणसाला तेथे सोडण्यापूर्वी, त्या भिंतीसमोर दोन मिनिटे उभे राहावे. प्रमाणपत्र तात्पुरते की कायम, मुदत केव्हा संपते, रात्री कोणता डॉक्टर येऊ शकतो, हे विचारावे. औषधदानाला अभयदानाची जोड मिळते ती अशा साध्या प्रश्नांतून.